केडगावच्या खिळे जुळवणाऱ्या बायका

आमच्या कंधारला जगत्तुंग समुद्र तलावाच्या काठी बसलं, की दुष्काळाच्या गोष्टी निघतातच. अशा वेळी मला पंडिता रमाबाई आठवतात. त्यांनी श्रद्धा नुसती सांगितली नाही, कामाला लावली.

१८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार अशा सुमारे ३०० मुली-बायकांना घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला अशा निराधार बायकांसाठी त्यांचं 'मुक्ती' हे आश्रयस्थान उभं राहिलं. तिथे शाळा होती, विणकाम होतं, शेती होती आणि छापखानाही होता. मला सगळ्यात भावतो तो छापखाना. रमाबाईंनी बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत आणलं आणि त्याच्या छपाईचे शिशाचे खिळे जुळवले ते याच बायकांनी. काल अक्षर न ओळखणारी बाई आज उलट्या अक्षरांची ओळ सरळ वाचते, चिमट्याने चुकलेली वेलांटी बदलते! (आपल्याला मोबाइलवर धड ऱ्हस्व-दीर्घ जमत नाही.)

रमाबाईंची लेक मनोरमा ब्रेल शिकून आली. मुक्तीतल्या अंध मुलींची बोटं कागदावरच्या उठावाच्या ठिपक्यांवरून फिरू लागली. पुढे १९१२ साली तिने गुलबर्ग्याला शाळा काढली. गुलबर्गा तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, आपलं कंधारही त्याच राज्यात.

१९२१ला मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ला रमाबाई. छापलेलं अख्खं बायबल मात्र १९२४ला आलं. उरलेलं काम मुक्तीतल्या बायकांनी पुरं केलं.