पेढीवरील दूरध्वनी

आमच्या छावणीतील पेढीवर गादीच्या डाव्या हातास काळा दूरध्वनी असे. त्याच्या चकतीस एक लहानसे कुलूप आणि किल्ली वडिलांच्या कनवटीस. मुंबईच्या दाणाबंदरातील भाव हवा असल्यास सकाळीच ट्रंक कॉल नोंदवावयाचा आणि यंत्राकडे डोळे लावून बसावयाचे. साधा, अर्जंट व लाइटनिंग असे त्याचे प्रकार असत; लाइटनिंगचा आकार ऐकूनच मुनीमजींच्या कपाळास आठ्या पडत. भारतात लखनौ-कानपूर दरम्यान एस.टी.डी. सुरू झाली ती १९६० साली. परंतु आमच्या उमेदवारीच्या काळातही ट्रंक कॉलची वाट पाहणे चुकले नव्हते.

१९७८ सालची गोष्ट. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने तूरडाळीची ‘सात’ पोती मागविली. खरखरीत आम्ही ‘साठ’ ऐकली. माल ट्रकने रवाना झाला. भाव पडता होता, त्रेपन्न पोती तेथे पडून राहिली. लेखी पुरावा दोघांपाशीही नाही. ऐकले आम्हीच होते, म्हणून आम्ही वाद घालण्यास फार उत्सुक होतो, हे कबूल करावयास हवे. वडिलांनी मात्र निम्मा तोटा आपल्या खाती लिहावयास सांगितले. उरलेला निम्मा त्या गृहस्थांनी आठ दिवसांत न मागता पाठविला. तेव्हापासून आमच्या पेढीवर दूरध्वनीवर कोणी ‘साठ’ म्हणत नसे, ‘सहा दाहे साठ’ असा पाढाच म्हणत. आणि संध्याकाळच्या टपालाने सौद्याचे पत्र जाई.

पुढे एस.टी.डी.चे बूथ चौकाचौकांत झाले, १९९५ मध्ये देशात मोबाइल आला, जुलै २०१३ मध्ये तारसेवाही बंद पडली. आता आमचे चिरंजीव डाळीचे नमुने छायाचित्राने पाठवितात व सौदा लिहूनच होतो. यात सोय आहे, हे आम्ही नाकारीत नाही.

जुन्या तांब्याच्या तारेचा एक गुण मात्र विसरता येत नाही. तिला वीज एक्स्चेंजमधील बॅटरीतून मिळे. सारी छावणी अंधारात असली तरी घंटा वाजे. नव्या फायबरच्या जोडणीस घरची वीज लागते.

जोडणी काढून टाकावी, असे चिरंजीवांचे म्हणणे आहे. गेल्या महिन्यात तिच्यावर दोनच फोन आले. एक चुकीचा होता. दुसरा देपालपूरकडील एका वृद्ध शेतकऱ्याचा. गव्हाचा भाव विचारून झाल्यावर त्याने वडिलांची प्रकृती विचारली. वडील जाऊन अकरा वर्षे झाली, हे त्यास सांगावयास आम्हांस थोडा वेळ लागला. या महिन्याचे बिल आम्ही भरले आहे.