सिरिंजमध्ये उरलेला थेंब
सुई नसलेल्या नव्या सिरिंजमध्ये शाईचे पाणी ओढा आणि दट्ट्या पूर्ण दाबा. तरी तोंडाशी थोडी शाई उरतेच. नंतर ओढलेल्या स्वच्छ पाण्याला तिचा रंग येतो. श्रीरामपूरच्या कोणत्याही शाळेत आपण हा प्रयोग करू शकतो.

रक्ताचेही तसेच आहे. नशेसाठी एकच सिरिंज अनेकांनी वापरली, की उरलेल्या रक्तातून एचआयव्ही थेट दुसऱ्याच्या शिरेत शिरतो. म्यानमारच्या सीमेवरील मणिपूरमध्ये १९८९-९० साली, सुमारे सहा महिन्यांत, सुईने नशा करणाऱ्यांमधील लागण शून्यावरून ५० टक्क्यांवर गेली.

यावर उपाय दोन : दर वेळी नवी सुई, आणि नशेची ओढ शमवणारी, जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी. सुई दिल्याने व्यसन वाढेल, असे अनेकांना वाटते. पण सुईसाठी केंद्रावर आलेला माणूसच तपासणी व उपचारांपर्यंत पोहोचतो. मणिपूरने १९९६ च्या एड्स धोरणात हा मार्ग स्वीकारला. २०१७ च्या केंद्रीय कायद्याने त्याला संरक्षण दिले.

मात्र गोळी रोज लागते, सुई दर वेळी. मे २०२३ मध्ये तेथे हिंसाचार उसळला. संचारबंदी आली, रस्ते अडले, हजारो लोक छावण्यांत गेले. केंद्र गाठता आले नाही, तर वापरलेलीच सुई पुन्हा हाती येते. म्हणून छावणीत धान्याबरोबर नव्या सुया आणि औषधेही पोहोचायला हवीत.