अंतराळातल्या खुर्चीचं भाडं

मॉस्कोजवळच्या तोमिलिनोत ‘झ्वेझ्दा’ हा कारखाना आहे. रशियाच्या सोयूझ यानातून जाणाऱ्या अंतराळवीराला इथं पातळ पांढऱ्या कपड्यांत, गुडघे दुमडून एका टबात झोपवतात आणि भोवती कालवलेलं जिप्सम ओततात. मूर्तीचा साचा काढावा तसा त्याच्या पाठीचा साचा निघतो. अवकाशात पाठीचा कणा ताणला जाऊन उंची वाढते, म्हणून डोक्याकडे थोडी मोकळी जागा ठेवतात. एवढा खटाटोप कशासाठी? तर कझाकस्तानच्या माळरानावर परतीची कुपी आदळते तेव्हा बसणाऱ्या धक्क्यासाठी. जमीन मीटरभरावर आली की खालची छोटी इंजिनं पेटतात, तरीही पाठ शेकतेच.

१९६७ पासून उडणाऱ्या सोयूझची काटकसर अशी रांगडी आहे. निघताना यानाचं वजन सुमारे सात टन, परत येते ती जेमतेम तीन टनांची कुपी. बाकीचे दोन भाग वातावरणात जळून जातात. घरी आणायची ती फक्त माणसं. मग उष्णतेपासून जपायचं आणि पॅराशूटवर तोलायचं तेही तेवढंच.

अमेरिकेच्या स्पेस शटलचा खाक्या उलटा होता. सात माणसांसाठी शंभर टनांच्या घरातलं पंखवालं यान वर न्यायचं, खाली आणायचं आणि हजारो टाइल्स तपासून पुन्हा सज्ज करायचं. यान पुन्हा वापरलं जाई, पण दुरुस्तीचा बारदाना सुटत नसे. कार्यक्रमाचा सगळा खर्च १३५ उड्डाणांवर वाटला, तर एका फेरीला सुमारे १५० कोटी डॉलर पडतात. माणसं पोचवायला मालट्रक जुंपला होता.

जुलै २०११ मध्ये शटल थांबलं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर माणसं न्यायला एकटं सोयूझ उरलं. रात्री फाट्यावर एकच वडाप उभं असलं, की चालक सांगेल ते भाडं. २००८ च्या सुमारास सोयूझची एक खुर्ची २.१ कोटी डॉलरच्या आसपास होती. २०२० साठी नासाने ९ कोटींहून अधिक मोजले.

तोडगा निघाला तो कराराच्या कागदावर. पूर्वी कंपनीला झालेला खर्च भरून वर नफा मिळे. सप्टेंबर २०१४ मध्ये नासाने काम उक्तं दिलं: बोईंगला ४२० कोटी डॉलर, स्पेसएक्सला २६० कोटी. खर्च वाढला तर तोटा कंपनीचा. स्पेसएक्सने रॉकेटचा पहिला टप्पा आणि कुपीही पुन्हा वापरली. मे २०२० मध्ये अंतराळवीर बेनकेन आणि हर्ली तिच्या ड्रॅगन कुपीतून स्थानकावर पोचले. नासाच्या महानिरीक्षकांच्या २०१९ च्या अंदाजात ड्रॅगनची खुर्ची साडेपाच कोटींची होती, बोईंगच्या स्टारलायनरची ९ कोटींची.

स्टारलायनरचं गाडं मात्र अडलं. जून २०२४ मध्ये त्यातून आठवडाभरासाठी गेलेले विल्मोर आणि सुनीता विल्यम्स थ्रस्टरच्या बिघाडामुळे मार्च २०२५ मध्ये ड्रॅगनमधून परतले. बोईंगचा तोटा २०० कोटी डॉलरच्या वर गेला. तो करदात्याच्या खिशातून गेला नाही, ही उक्त्या कामाची पुण्याई. पण दुसरं वडाप वेळेवर सुटलंच नाही. २०२२ मध्ये नासाने ड्रॅगनच्या आणखी पाच फेऱ्या घेतल्या, तेव्हा एक खुर्ची ७ कोटींवर गेली होती. महागाईचा वाटा धरूनही फाट्यावरची गोष्ट आठवतेच.

जून २०२५ मध्ये भारताचे शुभांशू शुक्ला स्थानकावर गेले तेही ड्रॅगनच्याच विकत घेतलेल्या खुर्चीत. इकडे इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरात भारताच्या स्वतःच्या मानवी यानाच्या, गगनयानच्या, बूस्टरच्या आवरणाचे भाग घडताहेत. ते यान सध्या स्थानकापर्यंत जाणार नाही. पण फाट्यावर आपली गाडी असावी, याची सुरुवात अशा लोखंडकामातूनच होते.