दोन शाखा, एकच सभासद क्रमांक: डेटाबेसमधला घोळ होतो कसा, टाळायचा कसा?

समजा, एका मल्टिस्टेट पतसंस्थेची एक शाखा बेळगावात, दुसरी चंदगडला. दोन्हीकडे स्वतंत्र सर्व्हर. नेट चालू असलं की इकडच्या नोंदी तिकडे आणि तिकडच्या इकडे जातात. यालाच रेप्लिकेशन म्हणतात. एके दुपारी लाइन तुटते. बेळगावात नवा सभासद येतो, संगणक त्याला 5001 क्रमांक देतो. त्याच वेळी चंदगडला एक बाई खातं उघडतात. त्यांनाही 5001! संध्याकाळी लाइन जोडली जाते आणि घोळ समोर येतो.

डेटाबेस 'डुप्लिकेट की' म्हणून तिथंच अडला, तर नशीब. मात्र 'नंतरची नोंद ग्राह्य' अशी सेटिंग असेल तर एक सभासद गायबच. घाईत कुणी एकाचा क्रमांक बदलून 5002 केला, तर त्या दुपारी 5001 वर भरलेली ठेव भलत्याच माणसाच्या नावावर दिसू शकते. कारण ठेवी, कर्जं, हप्ते हे सगळे तक्ते माणूस ओळखतात तो क्रमांकावरूनच.

मूळ कारण साधं आहे. 'शेवटचा अधिक एक' हा हिशेब दोन सर्व्हरनी एकमेकांना न विचारता केला.

यावर तीन उपाय रूढ आहेत.

पहिला सम-विषमचा. मायएसक्यूएलमध्ये आपोआप वाढणाऱ्या क्रमांकाची वाढ 2 ठेवायची. एका सर्व्हरची सुरुवात 1 पासून, दुसऱ्याची 2 पासून. मग बेळगावात 5001, 5003 आणि चंदगडला 5002, 5004. उद्या निपाणीला शाखा निघणार असेल, तर वाढ आधीच 10 ठेवलेली बरी.

दुसरा यूयूआयडीचा. हा 128 बिटांचा क्रमांक कुणालाही न विचारता तयार होतो. त्याच्या चौथ्या प्रकारात 122 बिट यादृच्छिक असतात, त्यामुळे दोन सारखे निघण्याची भीती व्यवहारात नाहीच. पण क्रम नसल्याने मोठ्या तक्त्यांत इंडेक्स मंदावतो. 2024 साली प्रमाणित झालेल्या सातव्या प्रकारात सुरुवातीचे 48 बिट वेळेचे असल्याने ही अडचण बरीच कमी होते.

तिसरा जोडक्रमांकाचा. शाखेचा कोड आणि क्रमांक मिळून ओळख ठरवायची. पासबुकावर वाचायलाही हे सोपं.

पोस्टग्रेसवाल्यांनी आणखी एक सांभाळावं. आवृत्ती 10 ते 17 मधल्या लॉजिकल रेप्लिकेशनमध्ये नोंदी पलीकडे जातात, पण पुढचा क्रमांक ठरवणारा 'सीक्वेन्स' जात नाही. मुख्य सर्व्हर बंद पडून काम दुसऱ्यावर नेलं, की तिथला सीक्वेन्स जुन्याच आकड्यावर असतो आणि नवी नोंद अडते. म्हणून काम सुरू करण्याआधी तो सर्वांत मोठ्या क्रमांकाच्या पुढे नेऊन ठेवावा.

आणि एक पथ्य कायमचं: एकदा दिलेला क्रमांक, खातं बंद झालं तरी, दुसऱ्याला देऊ नये. जुन्या पावतीवर तोच छापलेला असतो.