रांगेचे गणित आणि संगणकावरील रंगीत तालीम

तालुक्याच्या गावी बाजाराचा दिवस असला की ग्रामीण रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळपासूनच दाटी होते. केसपेपरच्या खिडकीशी एक रांग, डॉक्टरांच्या खोलीबाहेर दुसरी, रक्त तपासणीसाठी तिसरी आणि औषधांसाठी चौथी. पाच मिनिटांच्या तपासणीपायी रुग्णाचा आणि त्याच्या सोबत आलेल्या माणसाचाही अर्धा दिवस जातो. मजुरी करणाऱ्याचा तर रोजच बुडतो. तक्रारी वाढल्या म्हणजे उपाय सुचविले जातात. आणखी एक लिपिक द्यावा, दुसरी खिडकी उघडावी, वेळ बदलावी, क्रमांकाचे बिल्ले द्यावेत. यांपैकी कोणता उपाय लागू पडेल, हे तो अमलात आणल्याखेरीज कळत नाही. आणि प्रयोग फसला तर त्याची किंमत रांगेतील आजारी माणसाने मोजावयाची असते. बदल प्रत्यक्षात आणण्यापूर्वी त्याची रंगीत तालीम संगणकावर करून पाहण्याचे तंत्र अशा वेळी उपयोगी पडते. त्यास सदृशीकरण किंवा सिम्युलेशन असे म्हणतात.

रांग का लांबते, याविषयीचा सर्वसाधारण समज बराचसा चुकीचा आहे. समजा, एका खिडकीवर एका केसपेपरला सरासरी तीन मिनिटे लागतात. म्हणजे तासाला २० जणांचे काम होऊ शकते. रुग्ण केव्हाही येतात आणि प्रत्येकाला लागणारा वेळही बराच कमीअधिक असतो. अशा रांगेसाठी गणितात जे प्राथमिक सूत्र वापरतात, त्यानुसार तासाला १६ रुग्ण येत राहिल्यास प्रत्येकास सरासरी १२ मिनिटे थांबावे लागते. १८ आल्यास २७ मिनिटे आणि १९ आल्यास ५७ मिनिटे. तासाला केवळ एक रुग्ण वाढला आणि प्रतीक्षा दुपटीहून अधिक झाली. लिपिकाच्या कामाचा वेग मात्र तोच आहे! त्याच्यावर ठपका ठेवणारा शेरा मारल्याने येथे काहीही साधणार नाही.

याच सूत्राचा आणखी एक निष्कर्ष पाहण्यासारखा आहे. अशा दोन खिडक्या असून प्रत्येकीपुढे तासाला १८ जणांची वेगळी रांग लागत असेल, तर प्रतीक्षा २७ मिनिटांचीच राहते. त्याच ३६ जणांची एकच रांग करून, जी खिडकी मोकळी होईल तिकडे पुढचा माणूस पाठविला, तर ती सुमारे १३ मिनिटांवर येते. यासाठी नवे पद मंजूर करून घ्यावे लागत नाही.

रांगांच्या या गणिताचा पाया डेन्मार्कमधील ए. के. एरलांग यांनी १९०९ साली घातला. ते कोपनहेगन येथील टेलिफोन कंपनीत होते आणि त्यांच्यापुढील प्रश्न दूरध्वनीच्या जोडण्यांचा होता. परंतु रुग्णालय हे टेलिफोन केंद्राइतके सरळ नसते. एस. टी. बस येते आणि एकाच वेळी वीस माणसे दारात उतरतात. डॉक्टर मध्येच प्रसूतीच्या तातडीच्या कामासाठी जातात. रक्त तपासणीस पाठविलेला रुग्ण तासाभराने पुन्हा त्याच रांगेत येतो. अशा ठिकाणी सूत्र अपुरे पडते आणि सदृशीकरणाची गरज भासते.

त्याची रीत साधी आहे. आधी काही दिवस हातात घड्याळ घेऊन, कोण केव्हा आले आणि कोठे किती वेळ लागला याची नोंद करावयाची. समजा, शंभरांपैकी ६० रुग्णांच्या तपासणीस चार मिनिटे, ३० जणांना सहा आणि १० जणांना बारा मिनिटे लागली. मग ०० ते ९९ अशा शंभर चिठ्ठ्या घ्यावयाच्या. ०० ते ५९ पर्यंतची चिठ्ठी निघाली तर चार मिनिटे, ६० ते ८९ निघाली तर सहा, त्यापुढची निघाली तर बारा. प्रत्येक काल्पनिक रुग्णासाठी एक चिठ्ठी काढून ती पुन्हा मिसळावयाची आणि तो केव्हा आला, केव्हा आत गेला, केव्हा बाहेर पडला हे तक्त्यात मांडावयाचे. शाळेतील मुलांनाही हे जमेल. संगणक चिठ्ठ्यांऐवजी यादृच्छिक संख्या वापरतो आणि असे शेकडो दिवस क्षणात घडवून दाखवितो, एवढाच फरक. एका दिवसाच्या तालमीवर विसंबणे मात्र धोक्याचे, कारण तो दिवस नशिबाने बरा गेलेला असू शकतो.

या कल्पनेची सुरुवात पत्त्यांच्या खेळातून झाली. १९४६ साली आजारातून उठत असलेले गणितज्ञ स्टानिस्लाव उलाम एकट्याने खेळावयाचा पत्त्यांचा डाव मांडीत असता, तो सुटण्याची शक्यता किती, असा विचार त्यांच्या मनात आला. हिशेब करीत बसण्यापेक्षा शंभर डाव मांडून किती सुटतात ते मोजावे, हे त्यांना सुचले. जॉन फॉन नॉयमन यांच्या साहाय्याने ही रीत अमेरिकेतील अण्वस्त्रविषयक गणितासाठी वापरली गेली आणि जुगारासाठी प्रसिद्ध असलेल्या माँटे कार्लोचे नाव तिला मिळाले. १९६१ मध्ये आय.बी.एम. कंपनीच्या जेफ्री गॉर्डन यांनी अशा कामासाठी स्वतंत्र संगणकीय भाषा तयार केली. त्याच दशकात नॉर्वेमध्ये सिम्युला ही भाषा आली.

रुग्णालयाच्या दृष्टीने मात्र १९५२ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेला नॉर्मन बेली यांचा अभ्यास अधिक महत्त्वाचा ठरला. डॉक्टरांचा एक क्षणही वाया जाऊ नये म्हणून रुग्णांना आगाऊ बोलावून बसवून ठेवण्याची प्रथा होती. बेली यांनी यादृच्छिक संख्यांच्या आधारे काल्पनिक दवाखाने चालवून पाहिले. सुरुवातीस दोन रुग्ण बोलवावेत आणि पुढे सरासरी तपासणीच्या वेळाइतक्या अंतराने एकेक, असा नियम त्यांनी सुचविला. डॉक्टरांचा फारसा वेळ न दवडता रुग्णांची प्रतीक्षा बरीच कमी होते, असे त्यांना आढळले. रुग्णाच्या वेळालाही किंमत असते, ही गोष्ट त्यामुळे आकड्यांत मांडता आली.

महाराष्ट्रात या तंत्राचा एक मोठा उपयोग कोविडच्या साथीत झाला. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये शहरातील घरे, कार्यालये, शाळा आणि लोकल गाड्या यांतील संपर्क संगणकावर उभा केला. कार्यालये आणि गाड्या टप्प्याटप्प्याने खुल्या केल्यास साथ कशी वागेल, हे त्यावर तपासण्यात आले.

तथापि संगणक स्वतः काही जाणत नाही. हजेरीपटावर सर्वांची वेळ नऊ लिहिलेली असेल, तर तो नऊच धरून चालणार. म्हणून नवा उपाय तपासण्यापूर्वी आजची स्थिती त्यात हुबेहूब उतरते का, हे पाहावे लागते. प्रत्यक्षात दुपारी एक वाजता चाळीस माणसे ताटकळत असतील आणि संगणक दहाच दाखवीत असेल, तर दुरुस्ती रुग्णालयात नव्हे, नोंदवहीत करावयाची असते. बहुधा तेथे एखादी पायरी लिहावयाची राहिलेली असते. जसे की, केसपेपर घेऊन शिक्क्यासाठी दुसऱ्या टेबलाकडे जाणे.