विकत घेतले, पण मालकी कोणाची?

मराठी मध्यमवर्गीय घरात पुस्तक विकत आणले की त्याच्या पहिल्या पानावर नाव घालण्याची एक जुनी रीत होती. कोणी नावाखाली तारीख आणि गाव लिहीत, कोणी किंमत टिपून ठेवीत, तर कोणी 'वाचून परत करावे' अशी तंबीही देऊन ठेवीत. एक व्यवहार पुरा झाला, याची ती नोंद असे. दुकानदाराला पैसे मिळाले, लेखक-प्रकाशकांना त्यांचा वाटा मिळाला आणि पुस्तक घेणाऱ्याचे झाले. पुढे ते शेजारी वाचायला गेले, धाकट्या भावाच्या अभ्यासाला लागले किंवा अडचणीच्या दिवसांत जुन्या पुस्तकांच्या दुकानी विकले गेले, तरी प्रकाशकाची परवानगी घेण्याचे कोणाला कारण पडत नसे. 'विकत घेणे' या शब्दांचा अर्थ इतका स्वच्छ होता की तो समजावून सांगण्याची वेळ सहसा येत नसे.

आज तेच शब्द मोबाइलच्या पडद्यावर दिसतात. 'खरेदी करा' या बटणावर बोट टेकले की खात्यातून पैसे जातात आणि पुस्तक, गाणे, चित्रपट किंवा खेळ क्षणार्धात समोर येतो. परंतु घेणाऱ्याच्या हाती नेमके काय पडले, याचे उत्तर त्या बटणावर नसते. ते असते सहसा कोणी न वाचणाऱ्या लांबलचक अटींमध्ये. त्या अटी बहुधा असे सांगतात की, ग्राहकाला मिळाली आहे ती वस्तू नव्हे, वस्तू वापरण्याचा परवाना. तोही मर्यादित, दुसऱ्यास देता न येणारा आणि काही परिस्थितीत काढून घेता येणारा. पैसे विक्रीचे आणि हक्क मात्र भाडेकरूचा, असा हा व्यवहार आहे. सामान्य ग्राहकाने त्याकडे डोळसपणे पाहण्याची वेळ आता आली आहे.

रातोरात नाहीशी झालेली पुस्तके

हे भय काल्पनिक नाही. २००९ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतील काही वाचकांना आपल्या किंडल या वाचनयंत्रातील दोन पुस्तके एकाएकी नाहीशी झाल्याचे आढळले. दोन्ही पुस्तके जॉर्ज ऑर्वेल यांची होती, 'नाइन्टीन एटी-फोर' आणि 'अॅनिमल फार्म'. ती ज्याने विक्रीस ठेवली होती त्याला अमेरिकेत ती विकण्याचा अधिकारच नव्हता, असे ध्यानी येताच अॅमेझॉन कंपनीने ग्राहकांचे पैसे परत केले आणि त्यांच्या यंत्रांतील प्रती दुरून पुसून टाकल्या. जुने दस्तऐवज नष्ट करून इतिहास बदलणाऱ्या राजवटीचे चित्र ज्या कादंबरीत आहे, तीच अशा रीतीने पुसली जावी, हा योगायोग जगभर चर्चेचा विषय झाला. कंपनीचे प्रमुख जेफ बेझोस यांनी जाहीर माफी मागितली.

या प्रकरणातील सर्वांत बोलकी तक्रार एका शाळकरी विद्यार्थ्याची होती. अभ्यासासाठी त्याने पुस्तकावर टिपणे काढली होती. पुस्तक गेले आणि टिपणांना अर्थच उरला नाही. तो न्यायालयात गेला. पुढे तडजोड झाली आणि कंपनीने काही अपवाद वगळता अमेरिकेतील वाचकांची पुस्तके अशी काढून न घेण्याचे मान्य केले. अनधिकृत प्रत बाजारात आली तर पुस्तकविक्रेता आपल्या दुकानातील प्रती काढून घेईल, हे रास्तच आहे. पण तो रात्री ग्राहकाच्या घरात शिरून कपाटातील पुस्तक उचलून नेईल आणि टेबलावर पैसे ठेवून जाईल, हे कोणी सहन करील काय?

दहा वर्षांनी, २०१९ साली, मायक्रोसॉफ्ट कंपनीने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले. या वेळी लबाडी कोणाचीच नव्हती. धंदा चालू ठेवावयाचा नाही, एवढाच निर्णय झाला होता. परंतु पुस्तके उघडणारी किल्ली कंपनीच्या यंत्रणेत असल्यामुळे दुकानाबरोबर विकलेली पुस्तकेही मिटली. कंपनीने पुस्तकांचे पूर्ण पैसे परत दिले आणि ज्यांनी पुस्तकांवर खुणा वा टिपणे केली होती त्यांना वर २५ डॉलर देऊ केले. व्यवहार म्हणून हे सचोटीचेच म्हणावे लागेल. तथापि पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातील एखादे दुकान बंद झाले म्हणून तेथून घेतलेली पुस्तके घरोघरच्या कपाटांतून अदृश्य झाली, असे आजवर कधी घडलेले नाही.

यंत्र हातात, किल्ली दुसरीकडे

हीच गोष्ट आता पुस्तक-गाण्यांपुरती राहिलेली नाही. घड्याळ, कॅमेरा, दिवा, दूरचित्रवाणी संच अशी घरातील अनेक यंत्रे आज इंटरनेटने कोठल्या तरी दूरच्या संगणकाशी बांधलेली असतात. तो संगणक ज्या दिवशी बंद होईल त्या दिवशी धडधाकट यंत्रही निकामी होऊ शकते. अमेरिकेत घरातील दिवे व उपकरणे चालविणारे 'रिव्हॉल्व्ह' नावाचे यंत्र सुमारे ३०० डॉलरना विकले जात असे. ती कंपनी २०१४ साली 'नेस्ट' या कंपनीने विकत घेतली आणि २०१६ च्या मे महिन्यात यंत्राला आधार देणारी सेवा बंद केली. यंत्रात बिघाड नव्हता आणि त्याचा एक भागही झिजलेला नव्हता. तरी ते चालेनासे झाले.

जुना रेडिओ बंद पडला तर गल्लीतला दुरुस्तीवाला तो उघडून पाही, भाग बदली आणि रेडिओ आणखी दहा वर्षे वाजे. त्या काळी सरकारही रेडिओवर वार्षिक परवाना शुल्क घेत असे आणि त्यासाठी टपाल कचेरीत जावे लागे. १९८० च्या दशकात ती पद्धत रद्द झाली. परंतु तो परवाना प्रक्षेपण ऐकण्याचा आहे, हे सर्वांना ठाऊक असे आणि संच निर्विवादपणे घेणाऱ्याचाच असे. आज परवान्याची रक्कम वस्तूच्या किमतीतच मिसळलेली आहे आणि परवाना आहे हेच ग्राहकाच्या लक्षात येत नाही.

भाडे निराळे, विक्री निराळी

येथे दुसरी बाजूही नीट पाहिली पाहिजे. डिजिटल सेवांनी सामान्य माणसाचे जीवन समृद्ध केले, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. तालुक्याच्या गावातील शिक्षकाला पूर्वी जो ग्रंथ पाहावयासही मिळत नसे तो आज मिनिटभरात वाचता येतो. ज्या मैफली ऐकण्यासाठी ध्वनिमुद्रिका जमवाव्या लागत, त्या थोड्याशा मासिक वर्गणीत ऐकता येतात. भाड्याने घेणे यातही कमीपणा नाही. वाचनालयाची वर्गणी भरून मराठी वाचकांच्या पिढ्या वाढल्या. तासाच्या भाड्याने सायकल घेऊन मुले ती चालवावयास शिकली. परंतु भाड्याच्या सायकलीला कोणी स्वतःची सायकल म्हणत नसे आणि दुकानदारही तिला विकलेली म्हणत नसे.

कंपन्यांचा युक्तिवादही अगदीच पोकळ नाही. कागदी पुस्तक हाताळून झिजते आणि एका वेळी एकाजवळच राहते. डिजिटल प्रत झिजत नाही आणि तिच्या हजार प्रती काढावयास काही खर्च येत नाही. तिच्या पुनर्विक्रीस मोकळीक दिली तर लेखकाच्या पोटावर पाय येईल, हे भय खरे आहे. न्यायालयांनीही त्याची दखल घेतली आहे. जुनी डिजिटल गाणी पुन्हा विकण्याचा अमेरिकेतील 'रीडिजी' कंपनीचा उपक्रम तेथील अपील न्यायालयाने २०१८ साली बेकायदा ठरविला. युरोपीय न्यायालयाने २०१९ साली 'टॉम कॅबिनेट' प्रकरणात वापरलेल्या ई-पुस्तकांच्या विक्रीबाबत तसाच कौल दिला.

म्हणून वाद भाडे घ्यावे की नाही, हा नाही. भाड्याला विक्री म्हणावे काय, हा आहे. मासिक वर्गणी घेणारी सेवा निदान आपले स्वरूप लपवीत नाही. वर्गणी थांबली की सेवा थांबते, हे उभयतांना ठाऊक असते. पुरी किंमत घेऊन, 'खरेदी' हा शब्द वापरून परवाना हाती ठेवणे ही गोष्ट वेगळी आहे. पूर्वीचा लबाड दुकानदार मापात पाप करी. येथे माप बरोबर असते, शब्द खोटा असतो.

कायद्याचा हात कोठवर?

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील चौदावे कलम असे मानते की, पुस्तकाची प्रत एकदा विकली गेली म्हणजे ती चलनात आलेली प्रत होय. अशा प्रतीच्या पुढील विक्रीवर लेखक-प्रकाशकांचे नियंत्रण राहत नाही. मुंबईच्या फाउंटनजवळच्या पदपथावरील जुन्या पुस्तकांचा व्यापार या तत्त्वावरच उभा राहिला. गरीब विद्यार्थ्याला निम्म्या किमतीत क्रमिक पुस्तक मिळाले ते यामुळेच. परंतु जेथे प्रत विकलीच गेली नाही, केवळ परवाना दिला गेला, तेथे हे संरक्षण अपुरे पडते. वडिलांच्या कपाटातील पुस्तके मुलांना मिळतात. पण डिजिटल खाते दुसऱ्याच्या नावे करण्यास अनेक कंपन्यांच्या अटी मज्जाव करतात. आयुष्यभराचा संग्रह माणसाबरोबर संपावा, असा हा करार आहे.

तरीही ग्राहक अगदीच निःशस्त्र नाही. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू केले आणि १९७५ च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. ग्राहकाला कायद्याने हक्क असावेत, हा विचार महाराष्ट्रात रुजविण्यात या चळवळीचा मोठा वाटा आहे. १९८६ साली देशात ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा २०२० च्या जुलैपासून अमलात आला. या नव्या कायद्यात 'अनुचित करार' ही कल्पना आहे. सबळ कारणावाचून एका पक्षाला एकतर्फी करार मोडण्याची मुभा देणारी अट तिच्यात बसू शकते आणि अशा कराराविरुद्ध राज्य आयोगाकडे दाद मागता येते. २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने ग्राहकाला फसविणाऱ्या पडद्यावरील तेरा क्लृप्त्यांची यादी अधिसूचित केली. वर्गणी सुरू करणे सोपे आणि बंद करणे अवघड करून ठेवणे, ही त्यांपैकीच एक. मात्र परवान्याला खरेदी म्हणण्याच्या प्रथेचा त्या यादीत स्वतंत्र उल्लेख नाही.

ही उणीव कशी भरून काढता येईल, याचा एक नमुना कॅलिफोर्निया राज्याने घालून दिला आहे. तेथे २०२४ साली संमत झालेला कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. डिजिटल वस्तूसाठी 'खरेदी' असा शब्द वापरावयाचा असेल, तर आपण केवळ परवाना देत आहोत, हे विक्रेत्याने ग्राहकाला स्पष्टपणे सांगितले पाहिजे, असे हा कायदा म्हणतो. जी फाइल कायमची उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय वापरता येते, तिला तो लागू नाही. या कायद्याने परवान्याची मालकी होत नाही, हे खरे. पण खोटा शब्द वापरण्याची सोय उरत नाही.

ग्राहकाने काय करावे?

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर काही गोष्टी शिक्षक, कारकून वा विद्यार्थी कोणालाही करता येण्याजोग्या आहेत. डिजिटल वस्तूसाठी पैसे मोजण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. फाइल स्वतःजवळ उतरवून ठेवता येते काय? कंपनीने सेवा बंद केली तर वस्तू चालू राहील काय? वर्गणी थांबविण्याची वाट कोठे आहे? पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर नकारार्थी असेल तर ते भाडे समजावे आणि भाड्याइतकेच पैसे मोजावेत. जे पुस्तक जन्मभर हाताशी असावे असे वाटते, ते कागदी घ्यावे. स्वतःची टिपणे, छायाचित्रे आणि पत्रे एकाच कंपनीच्या स्वाधीन न करता त्यांची एक प्रत घरच्या डिस्कवर ठेवावी.

कार्डावरून दरमहा आपोआप पैसे कापले जात असतील तर निदान २४ तास आधी सूचना देण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी घातले आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. ती सूचना न वाचता पुसून टाकण्याची सवय सोडावी. तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यसेवेचा १९१५ हा क्रमांक आहे. एका ग्राहकाच्या पन्नास रुपयांच्या तक्रारीने काय होणार, असे वाटणे साहजिक आहे. परंतु भेसळ आणि खोट्या मापांविरुद्धच्या लढाया अशाच लहान तक्रारींनी लढल्या गेल्या.

डिजिटल वस्तूच्या पहिल्या पानावर नाव घालता येत नाही, हे एक वेळ मान्य करता येईल; काळाबरोबर व्यवहाराची रूपे बदलतातच. मात्र ज्या पानावर आपले नाव कधीच चढणार नाही त्यासाठी आपण पुरी किंमत मोजीत आहोत, हे घेणाऱ्याला पैसे देण्यापूर्वी कळले पाहिजे. एवढीच ही मागणी आहे, आणि प्रामाणिक विक्रेत्याला ती जड वाटू नये.