वर जाणारा जिना

माझ्या मेव्हण्याला दुसऱ्या मजल्यावरचा गाळा घ्यायचा होता. परभणीतच, नव्याने उभ्या राहणाऱ्या एका कॉम्प्लेक्समध्ये. नकाशात मधोमध सरकता जिना होता आणि सगळ्यात वर ‘मोठं दुकान येणार’ असं दलालाने बोट ठेवून दाखवलं होतं. मानवतकडचं वडिलोपार्जित रान विकून त्याच्या वाट्याला आलेला पैसा त्यात जाणार होता. त्याच आठवड्यात संपादकांचा फोन आला, “आपल्याकडे मॉल येणार म्हणतात, त्यावर लिहा.” मॉल यायच्या आधी तो जातो कसा ते बघून यावं असं मनात आलं आणि मी मुंबईला जायला तपोवन एक्सप्रेस धरली.

गेलो ते मुंबईच्या एका उपनगरात. तिथल्या गाळेवाल्यांचा व्यवस्थापनाशी वाद चालू आहे, म्हणून मॉलचं नाव लिहीत नाही. तीन मजली इमारत, मधोमध काचेचं छत, त्याखाली मोकळा चौक. खालच्या मजल्यावर उघडी दुकानं मोजली तर बारा भरली: मोबाइल दुरुस्ती, चष्मे, एक केक-पाववाला, बाकी किरकोळ. पहिल्या मजल्यावर चार. दुसऱ्या मजल्यावर एकही नाही. तिथे पूर्वी कपड्यांचं भलंमोठं दुकान होतं. पाटी काढून नेली तरी भिंतीवर अक्षरांच्या जागी रंग फिकट राहिला होता, त्यामुळे नाव अजून वाचता येत होतं.

आणि त्या ओसाड मजल्याकडे सरकता जिना चालू होता. वर कुणी जात नव्हतं, पण पायऱ्या खालून निघत होत्या, वर जाऊन दातेरी पट्टीखाली गडप होत होत्या.

जिन्याच्या तोंडाशी निळ्या शर्टातला एक माणूस उकिडवा बसून कान देऊन ऐकत होता. मी विचारलं, “वर कुणी नाही, मग जिना कशाला चालू?” त्याने वर न बघता उत्तर दिलं, “रोज पंधरा मिनिटं फिरवायलो सर. चेन एका जागी ठेवली की बसती. मंग लई खर्च.” ते ‘फिरवायलो’ ऐकलं आणि मी विचारलं, “गाव कोणतं?” गंगाखेड तालुका. परभणीच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन होऊन मुंबईत आला, त्याला पंधरा वर्षं झाली. मी परभणीचा म्हटल्यावर तो उठून उभाच राहिला. “चहा घेतल्याशिवाय सोडत नसतो,” म्हणाला. पुढचे दोन दिवस मी बहुतेक वेळ त्याच्याबरोबर काढला.

सरकता जिना मी शंभरदा चढलो असेन, पण त्याने वरच्या टोकाची झाकणपट्टी उचलून आत दाखवलं तेव्हा पहिल्यांदा बघितला. मोटर वरच्या टोकाला असते. तिच्यावरून दोन साखळ्या फिरतात आणि प्रत्येक पायरी म्हणजे चार चाकांची एक गाडी. दोन चाकं एका रुळावर, दोन दुसऱ्यावर. दोन रुळांमधलं अंतर बदलतं म्हणून पायऱ्या मध्ये उभ्या राहतात आणि टोकाला येताना सपाट होतात. वेग सेकंदाला सुमारे अर्धा मीटर. हाताचा रबरी पट्टा वेगळ्या चाकावर फिरतो. तो झिजला की हात मागे आणि पाय पुढे जायला लागतात आणि म्हातारी माणसं घाबरतात. कडेला जे ब्रश दिसतात, त्यांवर लोक बूट पुसतात. “ते बुटासाठी नाहीत सर, साडीसाठी आहेत,” तो म्हणाला. काठ आणि चपला बाजूच्या फटीत जाऊ नयेत म्हणून.

मॉल नवा होता त्या पहिल्या दिवाळीत त्याची ड्युटी जिन्याच्या पायथ्याशी होती. बायका पायरीसमोर येऊन थबकायच्या, मागे रांग लागायची. तो एकेकीला सांगायचा, “मावशी, पाय पिवळ्या रेघेच्या आत. पदर वर घ्या. आता टाका पाय.” पलीकडे पोचल्यावर त्या वळून हसायच्या. काही जणी तर उतरून पुन्हा चढायला यायच्या. एका संध्याकाळी पदराचा काठ दातेरी पट्टीत गेला. त्याने लाल बटण दाबलं, जिना थांबला, साडी फाटली, बाईला ओरखडाही आला नाही. हे सांगताना त्याने ते बटण पुन्हा दाबून दाखवलं. जिना चार बोटं सरकून थांबला. बंद जिना पायी चढायला अवघड असतो, कारण त्याची पायरी साध्या जिन्याहून उंच असते आणि सुरुवातीच्या पायऱ्या कमीजास्त उंचीच्या. जिना बंद पडला की वरच्या दुकानाचं गिऱ्हाईक तुटलंच, असं त्याचं पंधरा वर्षांचं निरीक्षण. मला ते मॉलच्या कुठल्याही अहवालाइतकं मोलाचं वाटतं.

वरचं मोठं दुकान गेलं तर खालच्या चष्मेवाल्याचं काय बिघडलं? इथे मॉलचं गणित समजून घ्यावं लागतं. मोठ्या दुकानाला या धंद्यात अँकर म्हणतात, म्हणजे जहाजाचा नांगर. आमच्याकडे नांगर रान उलथतो, इथे तो सगळं जागेवर धरून ठेवतो. त्याला जागा मुद्दाम टोकाला किंवा वरच्या मजल्यावर देतात, भाडं चौरस फुटाला बरंच कमी लावतात, करार लांब मुदतीचा करतात. कारण माणसं त्याच्यासाठी येतात आणि जाता-येता लहान दुकानांवरून जातात. लहान दुकानदार चढं भाडं भरतो ते या वर्दळीचं.

परभणीकराला हे नवीन नाही. आपल्याकडे हे काम मोंढ्याने केलं. कापसाची, सोयाबीनची गाडी रिकामी झाली, आडत्याने हिशोबपट्टी हातावर ठेवली की शेतकरी तिथूनच कापडाच्या दुकानात, भांड्यांच्या दुकानात, सराफाकडे जायचा. सेलू, मानवत ही गावं अशीच कापसाच्या बाजाराभोवती वाढली. फरक एवढाच, की मोंढ्यात येणं ही शेतकऱ्याची गरज होती आणि मॉलमध्ये जाणं ही हौस.

भारतातल्या मॉलचं वय तसं फार नाही. मुंबईत हाजीअलीजवळ क्रॉसरोड्स उघडला तो १९९९मध्ये. सुरुवातीला गर्दी इतकी लोटली, की मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड नसेल त्याच्याकडून आत जायला ६० रुपये घेत. पुढे त्याच वास्तूचं नाव बदललं, दुकानं बदलली आणि रयाही गेली. अमेरिकेत याची सुरुवात १९५६ची. व्हिएन्नाहून आलेल्या व्हिक्टर ग्रुएन या वास्तुरचनाकाराने मिनेसोटातल्या इडायना या उपनगरात साउथडेल बांधलं, दोन मोठी दुकानं आणि मध्ये छताखालचा चौक. त्याला तिथे गावाचा पार हवा होता, झाली ती विक्रीची पेठ, आणि पुढे त्यानेच या मॉलांशी नातं तोडलं. २०१८मध्ये सिअर्स आणि २०२०मध्ये जेसीपेनी दिवाळखोरीत गेले, तेव्हा अमेरिकेतल्या कित्येक मॉलचे नांगर एकदम उचलले गेले.

आपल्याकडे तसा धक्का २०२२मध्ये बसला. किशोर बियाणींचं बिग बाझार २००१मध्ये कोलकाता, बंगळूर, हैदराबादेत सुरू झालं. त्यांनी आठवडी बाजार बारकाईने पाहिला होता. धान्याच्या उघड्या राशी, हात घालून बघायची मुभा, मुद्दाम ठेवलेली दाटी, एवढंच काय ‘बुधवार बाजार’ हे नावसुद्धा तिथलंच. २००६च्या २६ जानेवारीला ‘सबसे सस्ता दिन’ काढला तेव्हा दारं बंद करायची वेळ आली. पण कर्ज वाढत गेलं, त्यात कोविडची टाळेबंदी आली. रिलायन्सला व्यवसाय विकायचा २४,७१३ कोटींचा करार अॅमेझॉनबरोबरच्या वादात अडकला. फेब्रुवारी २०२२च्या अखेरीस भाडेकरार हातात आलेल्या रिलायन्सने दुकानांचा ताबा घ्यायला सुरुवात केली आणि त्या सुमारास कित्येक शाखांची शटरं एकाएकी खाली आली. जुलैमध्ये बिग बाझार चालवणारी फ्यूचर रिटेल ही कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. काही जागी स्मार्ट बझारची पाटी लागली. जिथे नाही लागली, तिथे मजले तसेच राहिले.

नाइट फ्रँक या मालमत्ता सल्लागार संस्थेने २०२३ साली २९ शहरांत पाहणी केली. त्यांतल्या मोठ्या शहरांत ४० टक्क्यांहून जास्त जागा रिकामी असलेले मॉल ६४ निघाले, आदल्या वर्षी ते ५७ होते. मोठे, एका मालकाचे मॉल मात्र भरलेले आहेत. ओस पडले ते बहुतेक लहान. एक लाख चौरस फुटांच्या आतल्या मॉलमध्ये तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जागा रिकामी होती. परभणीत जो कुठला मॉल येईल, तो या लहानांतलाच असणार.

लहान मॉल मरतो कसा, ते गंगाखेडच्या या माणसाने मला गच्चीवर नेऊन दाखवलं. तिथे वातानुकूलनाचं यंत्र आहे, चिलर. चौक एक, हवा एक. सोळा दुकानांपुरती थंड हवा करता येत नाही. वीज कमी जाळली तरी मंजूर भाराचा स्थिर आकार भरावाच लागतो. अग्निशमन यंत्रणेचं प्रमाणपत्र दर जानेवारी-जुलैत द्यावं लागतं. पंप, पाण्याची टाकी, रखवालदार यांतलं काहीही निम्म्याने कमी होत नाही. मोठं दुकान या सामाईक खर्चाचा मोठा वाटा उचलायचं. ते गेलं आणि तो बोजा उरलेल्यांवर आला. दोघांनी दुकानं सोडली, मग आणखी वाटा. व्यवस्थापनाने आधी चिलर बंद केला. काचेच्या छताखाली एप्रिलमध्ये उभं राहवत नाही, म्हणून गिऱ्हाईक गेलं. मग उतरता जिना बंद केला, माणसं पायी उतरू शकतात म्हणून. आता चढताही बंद आहे, सकाळची पंधरा मिनिटं सोडून.

मॉल एका मालकाचा असता, तर त्याने तोटा सोसून नवा नांगर आणला असता, नाहीतर सगळी इमारत बदलली असती. पण इथले गाळे सुटे विकलेले आहेत. दोनशेवर मालक: कुणी दुबईत, कुणी वारलेला, कुणी बँकेकडे गहाण टाकून बसलेला. वरचा मजला एखाद्या दवाखान्याला किंवा कार्यालयाला द्यायचा तर सगळ्यांची संमती कोण गोळा करणार? चष्मेवाले काका मला म्हणाले, “भाड्याने असतो तर केव्हाच गेलो असतो. विकत घेतलं, हीच चूक.” त्यांनी नोकरीतून मिळालेली सगळी पुंजी या एकशे दहा चौरस फुटांत घातली होती. बोलताना ते रिकाम्या फ्रेमा पुसून परत जागेवर लावत होते.

भांडुपच्या ड्रीम्स मॉलची आठवण इथे प्रत्येकजण काढतो. हजाराच्या आसपास गाळे, मालक अनेक, व्यवस्थापन प्रशासकाच्या हाती, आणि वरच्या मजल्यावर सुरू झालेलं रुग्णालय. २५ मार्च २०२१च्या रात्री मॉलमध्ये लागलेल्या आगीचा धूर वर चढला आणि कोविडचे रुग्ण दगावले. रिकाम्या मजल्यावर दवाखाना आणा, क्लास आणा, असं सुचवणं सोपं असतं. मीही ते लिहायच्या बेतात होतो. पण माणसं झोपणार किंवा पोरं बसणार तिथे धूर बाहेर जायची वाट, दुसरा जिना, चालणारे पंप लागतात, आणि पैसे नसलेल्या मॉलमध्ये आधी नेमकं तेच बंद पडतं.

मला जास्त काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टीची. मोठ्या दुकानाला आता मॉलची गरज उरलेली नाही. डी-मार्टने २००२मध्ये पवईत पहिलं दुकान काढलं तेव्हापासून त्यांचा भर स्वतःच्या जागेवर आहे. झुडिओसारखी दुकानं लहान शहरांत थेट मोठ्या रस्त्यावर उभी राहतात. बाकीचा कपडालत्ता फोनवरून पालम-सोनपेठच्या खेड्यांपर्यंत पार्सलने पोचतो. म्हणजे मोठं दुकान परभणीत येईलही, पण ते वसमत रोडवर स्वतःची इमारत बांधून येईल. दुसऱ्याच्या कॉम्प्लेक्सचा तिसरा मजला चढून ते कशाला बसेल? आणि ते येणार या एका वाक्यावर खालचे गाळे विकले जात आहेत. घेणारे कोण, तर रान विकलेले शेतकरी, निवृत्त गुरुजी, पोराला धंदा लावून देऊ बघणारे बाप.

परभणीत माणसांचा ओघ नाही असं कुणी म्हणू नये. जिल्हा परिषद, न्यायालय, कृषी विद्यापीठ, २०२३मध्ये सुरू झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांसाठी नऊ तालुक्यांतून रोज माणसं उतरतात. त्यांना बसायला सावली, स्वच्छ संडास, पाणी आणि परतीच्या गाडीपर्यंत वेळ काढायला जागा हवी असते. हे सगळं तळमजल्यावर लागतं. जिना चढायची ताकद दवाखान्यातून आलेल्या माणसात नसते.

परत आल्यावर मेव्हण्याबरोबर कॉम्प्लेक्सच्या जागेवर गेलो. स्लॅब पडले होते. मी दलालाला विचारलं, “वरच्या दुकानाशी करार किती वर्षांचा झालाय?” तो म्हणाला, “बोलणं चालू आहे.” “लेखी काही?” “बिल्डरला विचारून सांगतो.” “सामाईक खर्च चौरस फुटाला किती, आणि दुकान आलंच नाही तर तो वाटा कुणाचा?” यावर त्याने नकाशाची घडी घातली. मेव्हणा गप्प होता. परतताना गाडीवर मागे बसून म्हणाला, “दाजी, तळमजल्यावरचा बघू का मग? लहान असला तरी चालंल.”

रात्री गंगाखेडच्या त्या माणसाला फोन लावला. जिना बसवायला ठेवलेल्या खड्ड्याचा फोटो पाठवला होता, तो त्याने बघितला होता. खड्ड्यात पावसाचं पाणी साचलेलं, त्यावर दोन फळ्या आडव्या टाकलेल्या. तो म्हणाला, “सर, पाणी काढायला सांगा आधी. आणि खड्ड्याला निचरा ठेवलाय का ते बघा.” मग थोडं थांबून विचारलं, “तिकडं जिना बसलाच, तर चालवायला माणूस लागंल ना?”